रतनगड, सप्टेंबर आणि सॅकमधून बाहेर न आलेली झूम लेन्स

रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात बसून आम्ही दीड तास ढग बघितला. एकच ढग. तो कोकणातून वर यायचा, नेढ्यातून आरपार घुसायचा आणि पलीकडे भंडारदऱ्याच्या अंगाला उतरायचा. अलंग, मदन, कुलंग, कळसूबाई, आजोबा, हरिश्चंद्रगड ही सगळी मंडळी समोर हजर असल्याचं आमचा वाटाड्या दादा बोट दाखवून सांगत होता आणि आम्ही त्या पांढऱ्या भिंतीकडे बघून माना डोलवत होतो. माझ्या सॅकमध्ये दीड किलोची झूम लेन्स होती. पायथ्याच्या रतनवाडीतून जशी निघाली तशीच ती रतनवाडीत परत आली.

आणि तरीही रतनगडाच्या माझ्या तीन फेऱ्यांत ठेवावेत असे सगळ्यात जास्त फोटो याच वेळी निघाले. याआधी दोनदा डिसेंबरात गेले होते. आकाश निळं, लांबपर्यंत स्वच्छ, आणि घरी येऊन बघावं तर सगळे फोटो कुणीही काढावेत तसे. सप्टेंबरात रतनगडाला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यानं नजारा मिळेल अशी आशा जरूर ठेवावी, पण सॅक भरायची ती पायाखालच्या जगासाठी.

आम्ही तिघं होतो. मी, माझी मैत्रीण आणि तिचा भाचा. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे गड म्हणजे वेळ लावून चढायची गोष्ट असं त्याचं ठाम मत. पहिल्या अर्ध्या तासातच तो तीन वेळा पुढे जाऊन दगडावर बसला आणि तीन वेळा "मावशी, झालं का?" असं ओरडला. ट्रेकर आणि फोटोवाला यांची जोडी जमत नाही ती याच कारणानं. आम्ही शेवटी त्याच्या हातात छत्री दिली आणि त्याला कामाला लावलं. ते काम काय, ते पुढे येईलच.

आधी पोचायचं कसं ते सांगते. मुंबई-नाशिक रस्त्यावर घोटीला आत वळायचं, शेंडी गाठायचं. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. इथून जलाशयाच्या कडेकडेनं रतनवाडीचा रस्ता जातो. रेल्वेनं येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरावं, पण शेंडीच्या पुढे एसटीच्या भरवशावर राहू नये, जीप आधीच ठरवून ठेवावी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा नाक्यावर पावती फाडावी लागते. ड्रोन घरी ठेवा.

आदल्या संध्याकाळी मुक्कामाला रतनवाडीत पोचलात तर अंधार पडायच्या आत अमृतेश्वराकडे जाऊन या. शिलाहारकालीन देऊळ आहे, आणि पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचतं. ओल्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम ढगाळ उजेडात जसं उठून दिसतं तसं उन्हात कधीच दिसत नाही. दगडाची चमक मारायला पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे बसणारी चमक कापणारी काच, लावा. शेजारच्या पुष्करणीत कोनाडे आहेत, कोनाड्यांत मूर्ती आहेत, आणि पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब. मी तिथे चाळीस मिनिटं घालवली आणि भाच्यानं दोन कप चहा.

सकाळी सहाला निघालो. सुरुवातीची वाट प्रवरेच्या काठानं दाट रानातून जाते आणि ओढा ओलांडावा लागतो. पाऊस जोरात असला तर हे पाणी अचानक वाढतं. आत पाय घालायचा की नाही हे वाटाड्यानं ठरवायचं, आपण नाही. आमच्या वेळी पाणी घोट्याच्या थोडं वर होतं. पलीकडच्या झाडीत शीळकरी कस्तूर गात होता. शाळेतून घरी निघालेल्या पोरानं उगाच शीळ घालत यावं तशी त्याची शीळ, ना सूर धरलेला ना ताल. पक्षी दिसला नाही. लांब लेन्स काढायचा मोह झाला, पण त्या अंधारात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, इतका चढवावा लागला असता की फोटोत पक्षी कमी आणि रवा जास्त. पाण्याचे फोटो मात्र इथेच काढून घ्या, येताना पाय उरत नाहीत. ट्रायपॉड, पोलरायझर, पाव ते अर्धा सेकंद शटर. त्याहून जास्त वेळ ठेवलात तर पाण्याचा कापूस होतो. काहींना तो आवडतो, मला नाही.

पुढे वाट फुटते. एक कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या बाजूला जाते, दुसरी रतनगडाला. धुक्यात हा फाटा सहज चुकतो. वाटाड्या घ्याच, गावात मिळतो. शिवाय तुम्ही मान खाली घालून शेवाळ्याचे फोटो काढत असता तेव्हा वाटेकडे लक्ष ठेवणारं कुणीतरी हवंच.

मग शिड्या. इथे माझ्याकडून जी चूक झाली ती सांगायलाच हवी. ट्रायपॉड मी सॅकच्या तळाला आडवा बांधला होता. सपाटीवर ते सोयीचं वाटतं. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर त्याचा एक पाय कठड्याच्या सळईत अडकला. मला वरही जाता येईना, खालीही उतरता येईना. खाली धुकं असल्यामुळे किती खोल आहे ते दिसत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. दादा वरून दोन पायऱ्या खाली आला, एका हातानं शिडी धरून दुसऱ्यानं सळईतून पाय सोडवला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, याला उभा बांधायचा असतो." तर, उभा बांधा. कॅमेरा गळ्यात लोंबकळू देऊ नका, सॅकमध्ये टाका. दोन्ही हात रिकामे, एका वेळी शिडीवर एकच माणूस. शनिवार-रविवारी याच शिड्यांखाली रांग लागते आणि मागचा माणूस पुढच्याच्या टाचेवर श्वास टाकत असतो. जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या.

गणेश दरवाजातून वर आलं की सोनकी. उतारच्या उतार पिवळे. लांबचा फोटो धुक्यात फिका आला, म्हणून पोटावर पालथी पडले. एका फुलाच्या इतकं जवळ गेल्यावर कळतं की ज्याला आपण सोनकीचं एक फूल म्हणतो ते खरं तर फुलांचं अख्खं कुटुंब आहे. मधल्या ठिपक्यात दाटीवाटीनं बसलेली इवली फुलं, आणि कडेची प्रत्येक 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूल. त्या दाटीत प्रत्येक फुलावर धुक्याचा एकेक थेंब होता, आणि एका थेंबात बाजूची सोनकी उलटी उभी. त्या थेंबासाठी मी वीस मिनिटं घातली.

अडचण वाऱ्याची. गडमाथ्यावर फूल एक क्षणही स्थिर राहत नाही. भाच्याच्या छत्रीचं काम ते हेच. वाऱ्याच्या बाजूनं छत्री जमिनीलगत धरायची, फुलाला आडोसा करायचा. ट्रेकला छत्री नेणाऱ्याला लोक हसतात, हसू द्या. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, एफ ८ किंवा ११ वर (म्हणजे तोंड जरा बारीक करून), शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास, आयएसओ लागेल तेवढा. धुक्यात कॅमेरा सगळं राखाडी करून टाकतो, कारण एवढा पांढरा उजेड बघून तो स्वतःच फोटोतला उजेड कमी करतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. तासाभरानं भाच्यानं छत्री मैत्रिणीकडे दिली आणि स्वतःच मोबाईल घेऊन तेरड्यापुढे आडवा झाला. त्यानंतर "झालं का" हा प्रश्न बंद पडला.

टाक्यांजवळच्या ओलसर कातळावर सीतेची आसवं होती. निळी-जांभळी, दिसायला नाजूक. नाव ऐकून जीव कळवळतो, पण ही बाई मांसाहारी आहे. जमिनीखाली तिच्या अगदी बारीक पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ती त्यात ओढून घेते. ही फुलं इतकी लहान असतात की आधी दिसतात ती पाय पडून चेंगरलेलीच. म्हणून आडवं व्हायचं ते उघड्या दगडावर नाहीतर मळलेल्या वाटेवर. एका फोटोसाठी चटईएवढा गालिचा चिरडलेल्या जागा आम्ही दोन-तीन ठिकाणी पाहिल्या, आणि बुटांचे ठसे ताजे होते.

मग नेढं, आणि तो ढग. नेढ्यात वारा माणसाला ढकलतो, तिथे ट्रायपॉड उघडूच नका. त्र्यंबक दरवाजाच्या बाजूच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत, पावसात निसरड्या होतात. पलीकडच्या साम्रद गावाकडे उतरायचा बेत आम्ही पाठीवरचं वजन बघून रद्द केला.

वेळेचा हिशोब असा करा. रतनगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम १३०० मीटर, नुसतं चढायचं म्हणाल तर तीन तासांत माथा येतो. कॅमेऱ्यासकट आम्हाला पाच लागले. एक वाजला की जिथे असाल तिथून परत फिरायचं. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, पण खालच्या रानात त्याच्या तासभर आधीच अंधारून येतं.

सॅकमध्ये काय होतं त्यातलं कामाला काय आलं? मॅक्रो, एक साधी लेन्स, पोलरायझर, छत्री. सॅकच्या आत घातलेली कचऱ्याची मोठी काळी पिशवी, कारण सॅकचं वरचं कव्हर वाऱ्यात फडफडतं आणि पाणी पाठीकडून आत शिरतं. लेन्स पुसायची पाच-सहा फडकी, जेवणाच्या डब्यात बंद करून, कारण पहिलं फडकं दहा मिनिटांत भिजतं आणि त्यानंतर ते फक्त पाणी पसरवतं. झूम लेन्सच्या जागी आणखी एक लिटर पाणी नेलं असतं तर बरं झालं असतं.

उतरताना, पुन्हा प्रवरेपाशी, दगडाच्या कपारीत एक खेकडी दिसली. पाय केशरी, पाठ जांभळट. आम्ही ओणवे झालो तशी ती नांग्या उगारून मागच्या पायांवर उठली आणि पोटाची झडप जरा उघडी पडली. आत पिल्लं! मसुरीएवढी, शंभरावर असतील, सगळी वळवळणारी. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्लं अंड्यातून थेट छोटे खेकडे होऊनच बाहेर पडतात, आणि आई त्यांना काही दिवस पोटाखाली घेऊन हिंडते. मी चार फोटो घेतले आणि मागे सरकले. काडीनं डिवचून आणखी उठवता आली असती, पण घाबरली की ती पिल्लं सांडते.

मुक्कामी पोचल्यावर दुसरी चूक. गडावरचा गारवा खाल्लेला कॅमेरा मी तसाच चुलीपाशी उघडला. आत भात वाफाळत होता. लेन्स आतून बाहेरून पांढरी झाली आणि आतली वाफ जायला दुसरा दिवस उजाडला. आत आल्यावर कॅमेरा सॅकमध्ये बंदच ठेवायचा, अर्धा-पाऊण तास. त्याला घराची सवय होऊ द्यायची. तोवर तुम्ही नाचणीची भाकरी आणि पिठलं खा.

जेवणं झाल्यावर घरच्या मावशींना मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवत होते. सोनकी बघून त्या "हां" म्हणाल्या. थेंबातली उलटी सोनकी बघून पुन्हा "हां". सीतेच्या आसवांवर तर बोटानं पुढे सरकवायची खूण केली. खेकडीपाशी त्यांनी माझा हात धरला.

"ही कुठं गावली? फरशीपुलाच्या अलीकडं का पलीकडं?"

मी आठवल्यासारखं केलं. तेवढ्यात भाच्यानं आगाऊपणे फोटो मोठा करून पिल्लं दाखवली. मावशी डोळे बारीक करून वाकल्या.

"पिल्लंवाली हाय व्हय," असं म्हणून त्यांनी हात सोडला. "मग काय कामाची नाय ती."