खसऱ्यानं दाखवलेला काठ

आत्या कायम सांगायची, "आपलं गाव वऱ्हाडातलं, वर्धेच्या काठचं." म्हणून मी दोन हिवाळे नदीच्या पश्चिमेला, धामणगावच्या बाजूनं फिरलो. तिनं सांगितलेल्या नावाचं गाव तिकडं कुणालाच माहीत नव्हतं.

उलगडा झाला पणजोबांच्या लगानाच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पावतीमुळं. शाई विटलेली, पण 'मौजा', म्हणजे महसुली गाव, आणि 'खसरा नं.', म्हणजे शेताचा क्रमांक, एवढं वाचता येत होतं. खसरा! वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांकडं आलं आणि तिथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी लागली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. तिथल्या कागदांत शेताला सर्व्हे नंबर असतो. खसरा असतो तो नदीच्या पूर्वेला, नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या मुलखात, जिथं 1951 पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा. म्हणजे गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडं. आत्याचंही चुकलं नव्हतं. घरच्या साऱ्या सोयरिकी पलीकडच्या काठच्या, म्हणून बोलण्यात वऱ्हाडच यायचं.

काठ बदलला आणि नाव लगेच सापडलं. माणसं उठून गेली तरी मौजा कागदावर राहतो. जनगणनेच्या यादीत गाव होतं, लोकसंख्या शून्य. जुन्या नोंदीत शेरा होता 'बेचिराग'. जिथं दिवा लागत नाही ते गाव. तो शब्द मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

कागद जमवायला चार महिने गेले. गाव नकाशाची नक्कल, 1954-55 चा अधिकार अभिलेख, कोतवाल पंजीतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. एका कचेरीत नेमकं आमच्या खसऱ्याचं पान फाटलेलं निघालं, तेव्हा फार वाईट वाटलं. नशिबानं नकाशा शाबूत होता. त्यावर प्रमाण 16 इंचाला 1 मैल, म्हणजे 1 इंच म्हणजे 330 फूट. पण हातातली झेरॉक्स थोडी लहान आलेली. असा नकाशा घेऊन निघणाऱ्यांनी हे आधी तपासावं, नाहीतर दोन वावरं सोडून तिसऱ्यात उभे राहाल. मी संगणकावर तो उपग्रहाच्या चित्राशी जुळवला. नाल्याची वळणं आणि पांदण, म्हणजे वावरांमधली गाडीवाट, दोन्ही बसली. शेतांच्या वाटण्या होऊन धुरे, म्हणजे बांध, बदलतात, पण पांदण सहसा हलत नाही.

जानेवारीत निघालो. आर्वीच्या पुढं डांबरी रस्ता सुटला, मग पांदण. दोन्हीकडं पळस, बाभूळ, आणि वावरात कापसाची शेवटची वेचणी चाललेली. एक म्हातारे काकाजी थांबले. "कोनाचं वावर पाहून राह्यले भाऊ?"

आडनाव सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. "हाव, मोठ्या चिचेपाशी त्यायचं घर होतं म्हनत. मी नाही पाह्यलं, माह्या बापानं पाह्यलं. आता रीठच हाय."

रीठ म्हणजे उठून गेलेल्या गावाची जागा. काळी माती संपून एकदम पांढरी लागली. गावठाणाला पांढरी का म्हणतात ते मला त्या दिवशी पायांनी कळलं. ढेकळं मऊ, राखेसारखी, आणि जागोजाग खापरं. एका खापरावर बोटानं ओढलेली नक्षीची रेघ होती. माझं बोट त्या खाचेत बरोबर बसलं. ते मी तिथंच ठेवून आलो. कडुलिंबाखाली शेंदूर फासलेली मातामाय होती. "पोयाले येतो आम्ही, नारळ फोडतो," काकाजी म्हणाले. गाव उठलं, पण देवीला शेजारच्यांनी सांभाळलं.

आमचं वावर आता दुसऱ्यांच्या वहिवाटीत आहे, त्यांनी ते मेहनतीनं राखलं आहे, आणि मला त्यातलं काही नको. म्हणून गावाचं नाव इथं लिहीत नाही. मला विहीर बघायची होती. नकाशावर खसऱ्याच्या कोपऱ्यात तिचं बारीक वर्तुळ होतं. चिंचेपासून पावलं मोजत गेलो, आणि वेलींत झाकलेली दगडी पाळ हाताला लागली. दोराच्या घासण्यानं पडलेल्या खाचा अजून होत्या.

आत्याला फोन लावला. चौऱ्याऐंशीचं वय, ऐकू कमी येतं. तिनं एकच विचारलं, "पानी हाय का रे तिले?"

मी खडा टाकला आणि फोन विहिरीवर धरला.