तुम्ही विचारलंत म्हणून: कोडचा फॉन्ट कोणता, आणि मराठी आली की रकाने का सरकतात?

हे दोन प्रश्न बहुतेकदा जोडीनंच येतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: जेटब्रेन्स मोनो (२०२०) किंवा अडोबीचा सोर्स कोड प्रो (२०१२). दोन्ही फुकट. निवडताना एकाच ओळीत शून्य, कॅपिटल ओ, एक, स्मॉल एल, कॅपिटल आय आणि उभी रेघ टाइप करा, तीही रोजच्या आकारात, म्हणजे १३-१४ पिक्सेलला. एल की एक, असं क्षणभर जरी वाटलं तरी तो फॉन्ट बाद.

या दोन्हींत १००० एककांच्या चौकटीत प्रत्येक अक्षराला सारखीच, ६०० रुंदी मिळते, म्हणून रकाने सरळ बसतात. १४ पिक्सेलला एक अक्षर ८.४ पिक्सेलचं, ८० अक्षरांची ओळ ६७२ची. रुंदी सारखी करायची म्हणून बिचाऱ्या स्मॉल आयला पाय फुटतात आणि एमचे तीन पाय दाटीवाटीनं बसतात. लिगेचर, म्हणजे चिन्हांची जोडाक्षरं (!= टाइप केलं की ≠ दिसतं), जेटब्रेन्समध्ये आहेत. शिकवताना ती बंद ठेवा. नाहीतर विद्यार्थी ≠ हे बटण कीबोर्डवर शोधत बसतो.

आता मराठी. या दोन्ही फॉन्टांत देवनागरी नाहीच. ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टातून उसनी येतात (विंडोजवर सहसा निर्मला यूआय), आणि तिथं प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. पण दोष एकट्या फॉन्टाचा नाही. ‘स्त्री’ घ्या. डोळ्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, सहा: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र, दीर्घ ईकार. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लांबी ६ सांगते, म्हणून १० जागांच्या रकान्यात चारच स्पेस भरते. सी भाषेचा प्रिंटएफ (छापायचा आदेश) अक्षरं नाही, तर ती ज्या रूपात साठवतात त्या यूटीएफ-८चे बाइट मोजतो, ते १८. रकाना १०चा, म्हणून तो एकही स्पेस भरत नाही. टर्मिनलचा, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीचा, हिशेब आणखी तिसराच.

तेव्हा मराठी नावांचे तक्ते स्पेस मारून जुळवू नका. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) किंवा एचटीएमएल (वेबपानाचं) टेबल करा. मराठी रकाना शेवटी ठेवला तरी निम्मं काम होतं. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या ‘फॉन्ट फॅमिली’ सेटिंगमध्ये जेटब्रेन्स मोनोनंतर स्वल्पविराम देऊन नोटो सॅन्स देवनागरी लिहा, म्हणजे उसना फॉन्ट निदान आपल्या पसंतीचा येईल. ओळीची उंची आकाराच्या दीडपट, १४ला २१ ठेवा. कमी केली तर ‘र्कीं’वरचा रफार-अनुस्वार वरच्या ओळीला टेकतो.

एक चकवा मात्र कुठल्याच फॉन्टनं सुटत नाही. ‘दुःख’मधल्या विसर्गाच्या जागी कोलन पडला, तर दिसायला सारखंच, पण शोधल्यावर सापडत नाही. मराठी आकड्यांचंही तसंच: मजकुराचा आकडा करणारा पायथनचा इंट ‘१२’ मुकाट्यानं बारा धरतो, जावास्क्रिप्ट भाषेतला तसाच पार्सइंट मात्र ‘हा आकडाच नाही’ म्हणून हात वर करतो.