ऐरोली विचारली, दिघा गाव आलं

लोकलच्या वेळापत्रकाचा खेळ सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितोय. गेले दोन रविवार पॉइंटर आणि रेफरन्सने पुरतं जेरीस आणलं.

रेफरन्स आधी उरकतो. ते टोपणनाव. जन्मतःच कुणाला तरी चिकटवावं लागतं, नंतर दुसऱ्याला देता येत नाही. मी ‘आत्ताचं स्टेशन’ असा रेफरन्स ठाण्याला लावला आणि गाडी पुढे न्यायला त्यात ऐरोली भरली. गाडी जागच्या जागी. यादीतलं ठाणंच पुसून तिथे दुसरी ऐरोली बसली! सरकणारी गोष्ट हवी तर पॉइंटरच, म्हणजे मेमरीतला पत्ता लिहिलेली चिठ्ठी; पत्ता बदलता येतो. एवढं कळायला अख्खी दुपार गेली.

खरी गंमत पुढे. ठाणे ते वाशी आठ स्टेशनं व्हेक्टरमध्ये, म्हणजे मेमरीत सलग खोल्यांत राहणाऱ्या यादीत होती, ऐरोलीचा पॉइंटर काढून ठेवला होता. मग आठवलं, २०२४ च्या जानेवारीत ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव सुरू झालंय. ते मध्ये घुसवलं (इन्सर्ट), पॉइंटरमधून नाव छापलं, तर कचरा. जागा पुरेना म्हणून व्हेक्टरने सगळं बिऱ्हाड मेमरीत दुसरीकडे हलवून जुनी जागा सोडून दिली होती. आमच्या नौपाड्यात पुनर्विकासाला पाडलेल्या इमारतीसमोर कुरिअरवाला पाकीट घेऊन उभा असतो ना, तसा माझा पॉइंटर.

मग शहाणपणा केला, रिझर्व्हने आधीच वीस जागा धरल्या. आता कचरा नाही, पण ऐरोलीच्या पॉइंटरमधून छापलं ‘दिघा गाव’. बायको रोज ऐरोलीला उतरते. म्हणाली, “तुझ्या भरवशावर राहिले तर ऑफिसला लेटमार्क.” बिऱ्हाड हललं नव्हतं, पण ऐरोलीपासून वाशीपर्यंत सगळे एकेक खोली पुढे सरकले होते. नियमाने हाही पॉइंटर बादच, फक्त तो बोंबलत नाही. मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने पहिली चूक लगेच पकडली, दुसरीवर अवाक्षर काढलं नाही. मेमरी आपलीच होती, त्याने तरी कशावर बोट ठेवावं?

पॉइंटरऐवजी इंडेक्स, म्हणजे यादीतला शून्यापासून मोजलेला क्रमांक, ठेवून पाहिला. ऐरोलीचा तोही एकाचा दोन झालेला.

सध्या स्टेशनं लिस्टमध्ये टाकलीत: प्रत्येकाची खोली वेगळी, फक्त शेजाऱ्याचा पत्ता जवळ. मध्ये कोणीही घुसलं तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. लिस्ट संथ म्हणतात, पण नऊ स्टेशनांना काय फरक पडतो! आता तुर्भ्याचा फाटा घ्यायचाय: एक गाडी सानपाड्याला, दुसरी जुईनगरला. तिथे ‘पुढचं स्टेशन’ या एका पॉइंटरवर भागणार नाही.