थरथरणारी पाटी

माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३४, म्हणजे लठ्ठपणाच. चालायला निघाले की दहाव्या मिनिटाला गुडघे बोलायला लागायचे, आणि डॉक्टर मात्र म्हणायचे, 'हृदयासाठी व्यायाम हवाच.' करायचा कसा, हे कोणी सांगत नव्हतं.

फिजिओथेरपिस्टताईंनी मला व्हायब्रेशनच्या पाटीवर उभं केलं. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित वाकवून. यंत्र सुरू झालं आणि मांड्या आपोआप आवळायला लागल्या! सेकंदाला ३० वेळा पाटी हलते, स्नायू दर वेळी ताणला जातो आणि प्रतिक्षिप्त क्रियेने आकसतो. एकदा विसरून गुडघे ताठ केले, तर थरथर थेट दातांपर्यंत आली. तेव्हापासून ती चूक नाही.

वजनाचा काटा मी बघायचं सोडलंय. मला काळजी आहे ती धमन्यांची. लठ्ठपणात त्या ताठर होतात, मग हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अर्तुरो फिगेरोआ यांच्या गटाने स्थूल तरुणींवर ६ आठवडे हा व्यायाम करून पाहिला, तेव्हा धमन्यांचा ताठरपणा कमी झाला. अभ्यास लहान होता, हे खरं. तरी ज्यांना चालणंच जमत नाही, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी वाट आहे!

पेसमेकर असेल, गरोदर असाल किंवा पायात रक्ताची गुठळी असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाटीवर पाय ठेवू नका. आणि रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. माझी अजून चालूच आहे.