साठ फुटांतले सहा इंच

कोल्हापुरात, राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि माझ्या मेव्हण्यानं मोजणीचं ऑफिस टाकलं, त्याला आता १५ वर्षं झाली. सामान म्हणजे ३० मीटरची टेप, ओळंबा, चुन्याची पिशवी आणि उसनी आणलेली डंपी लेव्हल, म्हणजे उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण. दोघांचाही डिप्लोमा सिव्हिलचा. प्लॉट आखून द्यायचा, नकाशासाठी मापं घ्यायची, एवढंच काम.

पहिल्याच वर्षी पाचगावात उतारावरचा एक प्लॉट आला. मालक निवृत्त गुरुजी. आम्ही टेप जमिनीला टेकवून ६० फूट मोजले आणि खुंट्या ठोकल्या. कंपाउंडची भिंत उभी राहिली. पुढं सरकारी मोजणी झाली तेव्हा कळलं, की भिंत हद्दीच्या अर्धा फूट आत आहे. त्या ६० फुटांत जमीन ८ फूट उतरत होती. तिरक्या ६० फुटांचं आडवं अंतर साडेएकोणसाठच्याही आत भरतं, आणि क्षेत्र धरतात ते आडव्या अंतरावर. ४० फुटांच्या भिंतीपलीकडं गुरुजींची वीसेक चौरस फूट जागा राहिली. "पोरांनो, फंडाच्या पैशातनं घेतलीया रं जागा," एवढंच ते म्हणाले. भिंत आम्ही आमच्या खर्चानं पाडून पुन्हा बांधून दिली. त्या वर्षी हातात काही उरलं नाही. तेव्हापासून उतारावर टेप आडवी धरून, ओळंबा सोडत, टप्प्याटप्प्यानं मोजायचं हे पक्कं झालं. टोटल स्टेशन हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आल्यावर आडवं अंतर तेच देतं, तरी नव्या पोराला आम्ही आधी ओळंबाच धरायला लावतो.

आता कुणी "जागा मोजून द्या" म्हणत आलं, की आधी कागद मागतो. शहरात प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा, गावाकडं सात-बारा आणि गटाचा नकाशा. कार्डावर चौरस मीटर, सात-बारावर हेक्टर-आर, खरेदीपत्रात चौरस फूट आणि घरात बोलताना गुंठे. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. दोन्ही एकच धरले की गुंठ्यामागं १३ चौरस फुटांचा फरक पडतो, आणि वाटणीच्या वेळी तेवढ्यावरनं भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिलाय.

शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी. तिथं काटकोन क्वचितच सापडतो. समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी ३०-३० आणि दुसरी ४०-४० फूट भरली की मालक १२०० चौरस फूट धरतात. पण ते कर्ण ५० फूट आला तरच. एक कर्ण ४५ आला तर त्याच बाजूंत ११७६ बसतात. घर घेताना निदान एक कर्ण मोजाच.

हद्द कायम करून देणं आमच्या हातात नाही, हे पहिल्या भेटीतच सांगतो. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा. लगतच्यांना नोटीस जाते, भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, जागेवर येतो आणि मग मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. वाद झालाच तर तोच कागद उपयोगी पडतो. हे ऐकून काही गिऱ्हाइकं परत जातात. जाऊ देत. शेजाऱ्याशी भांडण लावून मिळालेली फी आम्हाला नको.

२०१९ च्या महापुरानंतर कामाचं रूपच बदललं. दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क, जिकडून तिकडून एकच प्रश्न: "जोतं किती उचलू?" भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा वाळायच्या आत आम्ही लेव्हल घेऊन फिरलो. जवळच्या पक्क्या खांबाच्या संदर्भानं प्रत्येक खुणेची उंची वहीत उतरवली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हाच्या खुणा शेजारच्या रकान्यात लिहिल्या. ती वही ऑफिसात टेबलावरच असते. आपल्या गल्लीची उंची कुणीही येऊन बघावी, तिचे पैसे आम्ही घेत नाही.