कॅफीन-थिओब्रोमीन नोंदवही: चहाचं काम पूर्ण, कोकोचं निम्मं

आजची स्थिती अशी. चहातलं कॅफीन पांढऱ्या, रेशमासारख्या सुयांच्या रूपात काचेवर उतरलं आहे. कोकोतलं थिओब्रोमीन फिकट भुरी भुकटी होऊन गाळणकागदावर आलं आहे, त्याची शुद्धी आणि तपासणी बाकी आहे. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालवावीत, कारण या दोन रेणूंमधला फरक आधी चंबूत दिसतो आणि तोच फरक पुढे शरीरातही जाणवतो.

दोन्ही झँथिन या एकाच सांगाड्यावरचे रेणू: कॅफीन म्हणजे १,३,७-ट्रायमिथिलझँथिन आणि थिओब्रोमीन म्हणजे ३,७-डायमिथिलझँथिन. फरक एकाच जागी आहे. पहिल्या क्रमांकाच्या नायट्रोजनवर कॅफीनमध्ये मिथिल गट असतो, थिओब्रोमीनमध्ये नुसता हायड्रोजन. हा हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला धरून ठेवतो, त्यामुळे स्फटिक घट्ट बांधला जातो. म्हणून कॅफीन २३५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, तर थिओब्रोमीनला ३५० च्या आसपास जावं लागतं. २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात कॅफीन सुमारे २० ग्रॅम विरघळतं, थिओब्रोमीन अर्धा ग्रॅमही नाही. (नावात ब्रोमीन दिसत असलं तरी रेणूत ते नाही. नाव कोकोच्या झाडाच्या ‘थिओब्रोमा’ या प्रजातीनामावरून पडलं आहे.)

चहा

घरी धूर-कपाट (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) नसेल तर डायक्लोरोमिथेन या द्रावकाच्या वाटेला जाऊ नये. चुना आणि संप्लवनाची (घन न वितळता थेट वाफ होऊन पुन्हा थिजण्याची) जुनी पद्धत घ्यावी. प्रमाण असं:

- बारीक केलेला चहा १० ग्रॅम
- ९५ टक्के इथेनॉल ८० मिलिलिटर
- कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड), कोरडा आणि बारीक वाटलेला, ४ ग्रॅम

चहात वजनाच्या २ ते ४ टक्के कॅफीन असतं. ३ टक्के धरलं तर १० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅम, आणि ४०० हून जास्त वजन भरलं तर वरचं पाणी, चुना किंवा डांबर आहे असं समजावं. सॉक्सलेट (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणारं काचेचं उपकरण) असेल तर दोन तास चालवावं. नसेल तर उभ्या शीतनळीखाली पाण्याच्या ऊबेवर, इथेनॉल दोन हप्त्यांत विभागून अर्क काढावा. जवळपास ज्योत नको. अर्क आटवून १० मिलिलिटरपर्यंत आणायचा, मग चुना घालून ढवळत राहायचं. टॅनिन आम्लधर्मी असतात, चुन्याशी बांधले जाऊन ते मागे राहतात. कॅफीन मोकळं राहतं.

सगळा डाव यानंतरच्या वाळवणीवर आहे. लगदा पाण्याच्या ऊबेवर मोकळी, सुटी भुकटी होईपर्यंत वाळवायचा, गुठळी दिसली की फोडायची. ओल राहिली तर संप्लवनाच्या वेळी आधी वाफ उठते, काचेवर थेंब जमतात आणि सुया त्यातच विरघळून ओघळतात. थेंब दिसलेच तर उष्णता काढून काच पुसून घ्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी.

भुकटी चिनी मातीच्या बशीत पसरून वर सुईने भोकं पाडलेला गाळणकागद ठेवायचा, त्यावर उलटी नरसाळी, नरसाळीच्या नळीत कापसाचा सैल बोळा. खाली वाळूची ऊब. १८० अंशांच्या आसपास संप्लवन सुरू होतं. वाळूचा पारा २२० च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. या कामात घाई केली की चहाची इतर द्रव्यं करपतात आणि सुयांवर पिवळट तेलकट थर बसतो. कागदाची भोकं फार बारीक असली तर बाष्प कागदाखालीच थिजतं. उष्णता बंद केल्यावर सगळं पूर्ण गार होऊ द्यावं, मगच नरसाळी उचलावी. गरम असताना उचलली की उरलेलं कॅफीन धुरासारखं निघून जातं. अर्क न काढता नुसती पानं तापवूनही सुया मिळतात, पण त्या मळक्या असतात.

धूर-कपाट असलेल्यांसाठी दुसरी वाट थोडक्यात: १० ग्रॅम चहा, ५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, १०० मिलिलिटर पाणी, पंधरा मिनिटं उकळी. गाळून २० अंशांखाली थंड केल्यावर डायक्लोरोमिथेनचे २० मिलिलिटरचे तीन हप्ते. ते सुमारे ४० अंशांलाच उकळतं, त्यामुळे कोमट अर्कात ओतलं तर विभाजन नरसाळ्यात दाब वाढतो. जोरात हलवलं की दूध फाटल्यासारखा मधला थर तयार होतो आणि तो तासभर हटत नाही. नरसाळं हलकेच डोलवावं, थर बनलाच तर चिमूटभर मीठ टाकावं. डायक्लोरोमिथेन जड असल्यामुळे खालचा थर आपला.

कार्बोनेट न घालता चहा थंड केला तर तो गढूळ होतो. ती गढूळता म्हणजे कॅफीन आणि चहाच्या पॉलिफेनॉलांची एकत्र बांधलेली साय असते. ती गाळून टाकली तर कॅफीनही तिच्याबरोबर जातं.

कोको

साखर नसलेली कोको पावडर २० ग्रॅम. १०० ग्रॅम पावडरीत सुमारे २ ग्रॅम थिओब्रोमीन आणि २३० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे या खेपेत अनुक्रमे ४०० आणि ४६ मिलिग्रॅम.

नुसत्या पाण्यात उकळून पाहण्याचा मोह टाळावा. कोकोत स्टार्च असतं, ते उकळत्या पाण्यात फुगतं आणि गाळणकागदावर खळीसारखं बसतं. अडलेला कागद बदलत बसण्यात द्रव थंड होतो, आणि थंड होताच थिओब्रोमीन चोथ्यातच बसून राहतं. त्याऐवजी २० ग्रॅम पावडरीत ५ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ओलसर होण्यापुरतं पाणी घालून मळायचं, पाण्याच्या ऊबेवर भुरभुरीत करायचं, मग ८० टक्के इथेनॉलचे १५० मिलिलिटरचे दोन हप्ते गरम असतानाच फिरवून गाळायचे. एवढ्या इथेनॉलमध्ये स्टार्च फुगत नाही.

अर्क आटवून सगळं इथेनॉल काढायचं आणि पाण्याने ६० मिलिलिटर करून उकळी आणायची. हा आकडा हिशेबाने ठरवलेला आहे: एक ग्रॅम थिओब्रोमीनला सुमारे १५० मिलिलिटर उकळतं पाणी लागतं, तेव्हा ४०० मिलिग्रॅमला ६० पुरे. वर आलेली चरबी टिपून घ्यायची, गरम असतानाच गाळायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. थिओब्रोमीन खाली बसतं. ४६ मिलिग्रॅम कॅफीन एवढ्या पाण्यात आरामात विरघळलेलं राहतं. वेगळेपणासाठी निराळं काही करावं लागत नाही, मिथिल गटच ते काम करतो.

शुद्धीचा पुढचा टप्पाही त्याच जागेवर चालतो. तो पहिल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन तीव्र अल्कलीत सुटतो, म्हणून थिओब्रोमीन कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात थंडच विरघळतं. गाळून, थेंब थेंब आम्लाने उदासीन केलं की ते पुन्हा खाली येतं. कॅफीनवर हा प्रयोग करू नये. त्याच्याकडे सोडायला हायड्रोजन नाही आणि गरम अल्कलीत त्याचं वलयच फुटतं.

ओळख पटवणं

म्युरेक्साइड या रंगाच्या चाचणीवर फार विसंबू नये. नमुन्याचे दोन-चार मिलिग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब, कोरडं होईपर्यंत ऊब, मग अमोनियाची वाफ: जांभळा रंग येतो. पण तो कॅफीन, थिओब्रोमीन आणि त्यांच्याच कुळातलं थिओफायलीन या तिघांनाही येतो. फरक कळतो तो सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर, जिच्यावर चढणारं द्रावक प्रत्येक रेणूला वेगवेगळ्या अंतरापर्यंत नेतं. डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल ९:१ घेतलं तर कॅफीन पुढे धावतं, थिओब्रोमीन मागे रेंगाळतं. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दोन्ही काळे ठिपके. (हेही कपाटातच.) वितळणबिंदू घेताना केशनळीचं तोंड वितळवून बंद करावं, नाहीतर कॅफीन वितळण्याआधीच उडून वर चिकटतं.

शरीरात काय होतं

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि पेशींवरच्या ए१ व ए२ए ग्राहींवर (संदेश पकडणाऱ्या जागांवर) बसून गुंगी आणतं. कॅफीन त्या जागा अडवून बसतं. थिओब्रोमीनही झँथिनच, पण त्या ग्राहींवर त्याची पकड बरीच सैल आहे. म्हणून त्याचा झोपेवरचा परिणाम किरकोळ. रक्तवाहिन्या सैलावणं आणि लघवी थोडी वाढणं हे जास्त.

७०-८५ टक्के डार्क चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८०० मिलिग्रॅम थिओब्रोमीन आणि ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं, मिल्क चॉकलेटमध्ये साधारण २०० आणि २०. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं फक्त लोणी असल्याने जवळपास काहीच नाही. चॉकलेटने तरतरी येते तिचा मोठा वाटा या थोड्याशा कॅफीनचा मानावा. चॉकलेटमधल्या फिनाइलइथिलअमीन या द्रव्याला जिथे तिथे श्रेय दिलं जातं, पण शरीरातलं मोनोअमीन ऑक्सिडेज हे विकर त्याचा मेंदूपर्यंत पोचण्याआधीच फडशा पाडतं.

कॅफीनचं अर्धायुष्य (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण ५ तास. यकृतातलं सीवायपी१ए२ विकर त्याचा सुमारे ८४ टक्के भाग पॅराझँथिनमध्ये बदलतं, १२ टक्के थिओब्रोमीनमध्ये, ४ टक्के थिओफायलीनमध्ये. म्हणजे नुसता चहा पिणाऱ्याच्या रक्तातही थिओब्रोमीन सापडतं. धूम्रपानाने हे काम वेगात चालतं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बरंच मंदावतं. थिओब्रोमीनचं अर्धायुष्य ७ ते १२ तास. रोजचं कॅफीन अचानक तोडलं तर डोकेदुखी साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते.

चहातल्या एल-थिअनीन या अमिनो आम्लाबद्दल: कोरड्या पानात ते १ ते २ टक्के असतं आणि सावलीत वाढवलेल्या पानात जास्त टिकतं, कारण उन्हात त्याचं रूपांतर कॅटेचिन या तुरट पॉलिफेनॉलांकडे होतं. कॅफीनसोबत एकाग्रतेवर परिणाम दाखवणाऱ्या चाचण्यांत बहुधा १०० ते २०० मिलिग्रॅम दिलेलं असतं. एका कपात त्याहून बरंच कमी उतरतं, हे लक्षात ठेवून दावे वाचावेत. पहिलं पाणी अर्ध्या मिनिटात फेकलं की कॅफीन जातं हा समजही सोडावा. अख्ख्या पानांतून तेवढ्या वेळात त्याचा थोडासाच भाग सुटतो.

हाताळणी

हातात आलेलं स्फटिक खाण्यासाठी नाही. द्रावकाचे अवशेष हे एक कारण, आणि दुसरं वजन: सपाट चमचाभर शुद्ध कॅफीन सुमारे ३ ग्रॅम भरतं, आणि एकदम घेतलेल्या १.२ ग्रॅमनेही झटके येऊ शकतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम आहे. बाटलीवर नाव आणि वजन लिहून ती कुलपात ठेवावी. घरात कुत्रा असेल तर कोकोचा चोथा उघड्या कचऱ्यात टाकू नये. कुत्र्याच्या शरीरातून थिओब्रोमीन फार सावकाश जातं, आणि वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या-अस्वस्थता, ४०-५० च्या पुढे हृदयाचे त्रास, ६० ला झटके अशी पायरी आहे.

पुढची खेप

आधी कोकोचं गाळलेलं पाणी आणि थिओब्रोमीनची भुकटी सिलिकाच्या एकाच थरावर शेजारी चालवायची, म्हणजे कॅफीन खरोखर पाण्यातच राहिलं का ते ठिपक्यावरून कळेल. भुकटीत पुढचा ठिपका दिसला तर ६० मिलिलिटरमध्ये पुन्हा एकदा उकळून थंड करायचं. त्यानंतर चहाच्या चुना-लगद्याचा उरलेला भाग. आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८८ मध्ये थिओफायलीन चहातूनच वेगळं केलं होतं, पण चहात ते इतकं अल्प असतं की १० ग्रॅममधून ठिपका दिसण्याची आशा नाही. त्यासाठी निदान किलोभर चहाचा अर्क आटवावा लागेल, तेव्हा आधी मोठं बाष्पनपात्र.