स्प्रिंगला जागा द्या कुणीतरी

मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं, जागा निम्मी केलेली आणि फोर्स तेवढाच पाहिजे. वीस वर्षं भोसरीत स्प्रिंगच करतोय, असलं काही बघितलं की आधी डोकं सटकतं आणि मग रात्री नेटवर भरकटतो. यावेळी भरकटलो ते छोट्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांवर. खरं पिस्तूल आयुष्यात हातात धरलेलं नाही, पण उभी कापलेली चित्रं बघता बघता दोन वाजले, कारण हा सगळा इतिहास म्हणजे स्प्रिंग कुठे कोंबायची याचंच भांडण आहे.

गणित साधं. गोळी पुढे सुटते, तेवढाच धक्का स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, मागे बसतो, स्लाइड मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि दाबली गेलेली स्प्रिंग तिला परत पुढे आणते, येताना नवीन गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत. ७.६५ मिमीच्या हलक्या गोळीला स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढंच पुरतं, नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारं कुलूप लागत नाही. यालाच ब्लोबॅक म्हणतात.

पिस्तुलं रचणारा जॉन ब्राउनिंग अमेरिकन, पण त्याचं असलं ब्लोबॅक पिस्तूल काढलं बेल्जियमच्या एफएन कंपनीने, मॉडेल १९००. त्यात स्प्रिंग नळीच्या वर बसवलीय आणि तीच एक स्प्रिंग स्लाइड पण परत आणते, स्ट्रायकरला, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका देणाऱ्या पिनेला, जोर पण देते. एका पार्टात दोन कामं, हे बघून मी खुर्चीत सरळच बसलो! मग १९१० च्या मॉडेलमध्ये पठ्ठ्याने स्प्रिंग थेट नळीभोवतीच घातली, वरचा मजलाच उडाला, पिस्तूल गेलं कोटाच्या खिशात. (१९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर, आर्चड्यूक फर्डिनांडवर झाडलं ते हेच मॉडेल.) पुढे वॉल्थर कंपनीच्या पीपीके पिस्तुलातही स्प्रिंग नळीभोवतीच आहे.

लोचा झाला ९ मिमी पॅराबेलम या जास्त जोराच्या गोळीचा. गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, वेगही जास्त, म्हणजे स्लाइडला धक्का साधारण दुप्पट. ब्लोबॅकच ठेवायचं तर स्लाइड चांगलीच जड करावी लागते. त्यावर ब्राउनिंगचीच दुसरी युक्ती, नळी आणि स्लाइड सुरुवातीला थोडंसं अंतर एकमेकांत अडकूनच मागे येतात, तोवर गोळी गेलेली असते, प्रेशर उतरतं, मग नळीची मागची बाजू खाली झुकते आणि स्लाइड सुटते. मोठ्या पिस्तुलात झकास. पण छोटं करायला गेलं की स्लाइड हलकी म्हणून जोरात मागे येते आणि तिला थांबवायला जागाच नाही... म्हणजे माझंच ड्रॉइंग की हो!

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने नव्या मॅगझिनला, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डब्याला, १० गोळ्यांची मर्यादा घातली, मग दहाच भरायच्या तर एवढी लांब मूठ कशाला, म्हणून छोट्या पिस्तुलांना मागणी वाढली. त्यातलं ग्लॉक २६, दहा गोळ्यांचं, आणि आत काय तर स्प्रिंगमध्ये स्प्रिंग! दोन कॉइल एकात एक, आमच्या इंजिन व्हॉल्व्हला असतात तशा. २०१८ ला सिग कंपनीच्या पी३६५ पिस्तुलाने मॅगझिनची रचना बदलून अजून बारीक मुठीत दहा बसवल्या, पण तो पत्र्याच्या कामाचा विषय, आपला नाही.

आपल्याकडे साध्या लायसन्सवर ९ मिमी मिळत नाही, त्यामुळे सव्वाशे वर्षांपूर्वीची ती ७.६५, म्हणजे आपली .३२, अजून जोरात चालू आहे आणि सरकारी फॅक्टऱ्या तिची पिस्तुलं बनवतात.

सकाळी गिऱ्हाइकाला फोन केला, म्हटलं साहेब दोन स्प्रिंगा घालू, एकीचा पीळ उजवा आणि दुसरीचा डावा, म्हणजे एकमेकींत अडकणार नाहीत. ते म्हणाले, रेट एकीचाच लावा.